आकाशातील शीळ

काशीच्या अहिल्याबाई घाटावर पहाटे देवळांतील घंटा आणि नावाड्यांच्या हाका कानी पडतात. याच नगरीच्या आकाशातून आणखी एक नाद उतरत असतो. तो मात्र यंत्राच्या साहाय्यानेच ऐकता येतो. वरच्या पट्टीतून खाली घसरत जाणाऱ्या शिळेसारखा हा नाद घाटाच्या दक्षिणेला असलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयातील शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोंदवला. त्याला शास्त्रीय अभ्यासाचा विषय बनवले ते हाइनरिश बार्कहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने.

बार्कहाउझेन यांचा जन्म २ डिसेंबर १८८१ रोजी ब्रेमेन येथे झाला. १९११ मध्ये ते ड्रेस्डेन येथे प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धात शत्रूचे दूरध्वनीवरील संभाषण टिपण्यासाठी जमिनीत धातूच्या सळ्या रोवून, क्षीण विद्युतप्रवाह वाढवून ऐकला जाई. त्यात मधूनच शीळ ऐकू येई. तोफगोळ्यांचे उडणे ऐकू येते, असे सैनिक म्हणत. बार्कहाउझेन यांनी ती निरर्थक खरखर मानली नाही.

१९१९ मध्ये त्यांनी एकाच लेखात दोन निरीक्षणे मांडली. लोखंडाचे चुंबकत्व सूक्ष्म धक्क्यांनी बदलते, हे पहिले. त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. दुसरे निरीक्षण शिळेचे. तिचे कोडे मात्र सुटेना. विजेची लहर जमीन आणि आयनांबर यांच्यामध्ये वारंवार परावर्तित होत असावी, ही त्यांची १९३० मधील कल्पनाही अपुरी ठरली.

१९४५ च्या बाँबहल्ल्यात त्यांची संस्था उद्ध्वस्त झाली. उतारवयातही त्यांनी ड्रेस्डेनमध्ये तिची पुन्हा उभारणी केली.

१९५३ मध्ये केंब्रिजचे ओवेन स्टोरी यांनी शिळेचा उलगडा केला. पृथ्वीभोवती दूरवर विद्युतभारित कणांचा विरळ वायू, म्हणजे प्लाझ्मा, पसरलेला आहे. वीज कडाडली की निर्माण होणाऱ्या रेडिओलहरींचा काही भाग त्यात शिरतो आणि चुंबकीय बलरेषांच्या वाटेने दुसऱ्या गोलार्धात उतरतो. या प्रवासात उच्च वारंवारतेच्या लहरी आधी पोहोचतात, नीच वारंवारतेच्या मागे राहतात. म्हणून स्वर घसरत जातो. काही रेडिओलहरी तर वेगवान इलेक्ट्रॉनांकडून ऊर्जा घेऊन प्लाझ्मातच जन्मतात.

२० फेब्रुवारी १९५६ रोजी बार्कहाउझेन यांचे निधन झाले. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ या यानाने गुरू ग्रहाजवळही तशीच शीळ टिपली आणि तेथे विजा चमकतात याचा पुरावा मिळाला. उलगडा होत नसतानाही प्रामाणिकपणे लिहून ठेवलेल्या एका निरीक्षणाने ही वाट दाखवली होती.