एक चावी, दोन कुलुपे

महाड-पोलादपूरच्या खेड्यांत लाल विंचवाची धास्ती जुनी आहे. सरपणाच्या ढिगात, दगडांच्या रचाईत, भिंतीच्या भेगेत, कुठेही तो दडलेला असतो. एके काळी इथे विंचवाच्या दंशाने लहान मुले दगावत. आता ती बहुधा वाचतात. यात ज्यांचा दूरचा पण मोलाचा वाटा आहे, त्या रेमंड आल्क्विस्ट यांचे नाव वैद्यकात मोठे असले, तरी आपल्या घरांत ते कुणी घेत नाही. रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्या माझ्यासारख्याने तरी ते घ्यायला हवे.

आल्क्विस्ट यांचा जन्म १९१४ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात झाला. औषधशास्त्र शिकून १९४४ मध्ये ते जॉर्जियातल्या ऑगस्टा येथील वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. ते शोधत होते गर्भाशय सैल करून पाळीच्या वेदना थांबवणारे औषध. ते बाजूला राहिले आणि त्यांच्यापुढे एक जुने कोडे उभे राहिले.

भीती वाटली, संताप आला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तात उतरते. हे एकच द्रव्य काही रक्तवाहिन्या आवळते, तर काही सैल करते. हे कसे? नसांच्या टोकांशी दोन निरनिराळी द्रव्ये तयार होत असावीत, असे त्या काळचे मातब्बर शास्त्रज्ञ मानत.

आल्क्विस्ट यांनी ॲड्रिनलिन आणि त्याची भावंडे शोभतील अशी काही द्रव्ये घेतली आणि प्राण्यांच्या निरनिराळ्या अवयवांवर त्यांची ताकद तोलून पाहिली. क्रमवारी लावली, तर दोनच याद्या निघाल्या. रक्तवाहिनी आवळण्यात जे द्रव्य शेवटचे, तेच हृदय जोराने चालवण्यात पहिले! म्हणजे फरक चावीत नव्हता, कुलपांत होता. या कुलपांना त्यांनी अल्फा आणि बीटा अशी साधी नावे दिली.

त्यांचा निबंध एका नामांकित नियतकालिकाने परत पाठवला. १९४८ साली तो दुसरीकडे छापून आला आणि पुढे कित्येक वर्षे कुणी फारशी दखल घेतली नाही. आल्क्विस्ट मात्र ऑगस्टा सोडून गेले नाहीत, शिकवत राहिले. अखेर ब्रिटनमधल्या जेम्स ब्लॅक यांनी तो विचार उचलला आणि बीटा कुलूप अडवणारे प्रोप्रॅनोलॉल तयार केले. १९७६ साली लास्कर पुरस्कार या दोघांना मिळून मिळाला.

अल्फा कुलपाची गोष्ट रक्तदाबाशी जवळची. ते उघडले की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले स्नायू आवळतात. बागेतल्या नळीचे तोंड चिमटीत धरले, तर मागे दाब वाढतो, तसेच इथे होते. हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. प्राझोसिन नावाची गोळी या कुलपात जाऊन बसते, मग चावी शिरतच नाही. वाहिनी सैलावते, दाब उतरतो.

लाल विंचवाचे विष नसांना असे पेटवते, की अशा चाव्यांचा नुसता पूर येतो. हातपाय गार पडतात, घाम सुटतो, दाब भडकतो. थकलेले हृदय मागे पडते आणि फुप्फुसांत पाणी साठते. महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावसकर यांनी हे रुग्णांच्या उशाशी बसून टिपले आणि रक्तदाबाची ती गोळी विंचूदंशावर वापरली. १९८६ साली त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. पुढे प्रतिविषाचीही जोड मिळाली. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. दंश झाला की मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा, हा त्यातला घरगुती धडा.

आल्क्विस्ट हे पाहायला उरले नाहीत. १९८३ साली ते वारले. आपली कुलुपे ही खरी वस्तू आहे की सोयीची कल्पना, याविषयी त्यांना स्वतःलाही बरीच वर्षे शंका होती. ती खरीच निघाली. त्यांच्या घडणीचा उलगडा करणाऱ्या रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ साली नोबेल मिळाले.

परत आलेला कागद फाडून न टाकता ते पुन्हा टपालात घालू शकले, एवढ्यासाठी तरी मला हा माणूस जवळचा वाटतो.