पडद्यावरचे पहिले चिमणराव

चिमणराव म्हटलं की आपल्या सोसायटीत बहुतेकांना दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर आठवतात. मलाही. पण माझ्या वडिलांचे चिमणराव वेगळे होते, दामूअण्णा मालवणकर.

१८९३ साली जन्मलेले दामूअण्णा नाटकातून सिनेमात आले. डोळे तिरळे; नायकाचं रूप नव्हतंच. पण त्याच नजरेच्या जोरावर त्यांनी लोकांना हसवलं. १९३९ साली अत्र्यांनी लिहिलेल्या, मास्टर विनायकांच्या ‘ब्रँडीची बाटली’त ते चक्क नायक झाले, तेही पंचेचाळिशी उलटल्यावर! दारूला कधी न शिवलेला बगाराम ब्रँडी शोधत फिरतो, एवढीच गोष्ट. पुढच्याच वर्षी चिं. वि. जोशींच्या कथेवरचा ‘लग्न पहावे करून’ आला. दामूअण्णा चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. जोडी अशी जमली की १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’ही आला. १९७५ साली दामूअण्णा गेले.

शाळेत मला जाड चष्म्यावरून चिडवायचे, तेव्हा वडील दामूअण्णांचं नाव घ्यायचे. का, ते मला फार उशिरा कळलं. आपल्या गॅदरिंगला एखादं मूल दिसण्यावरून स्टेजवर जायला लाजलं, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.