वनचरांचे कैवारी जिम कॉर्बेट

कुमाऊंच्या डोंगरांत नैनिताल येथे २५ जुलै १८७५ रोजी जिम कॉर्बेट यांचा जन्म झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते; जिम लहान असतानाच ते निवर्तले. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगी गावी उतरत असे. तेथील अरण्य हीच या मुलाची खरी शाळा. जमिनीवर उमटलेला माग ओळखणे, पशुपक्ष्यांच्या हाकांचा अर्थ लावणे, ही विद्या त्याने तेथेच संपादन केली.

शिकारी म्हणून कॉर्बेट सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्यांची पहिली नोकरी जंगल तोडण्याची होती, हे थोड्यांनाच माहीत असेल. रेल्वेच्या इंजिनांना जळण म्हणून पाच लाख घनफूट लाकूड तोडविण्याचे काम त्यांच्याकडे होते. झाडे कोसळू लागली, तसे त्यांच्या आश्रयाने राहणारे जीव उघडे पडले. तितरांची व मोरांची पिले, सशांची पिले, जेमतेम उभी राहणारी चौशिंग्याची पाडसे, अशा अनाथांना या तरुणाने आपल्या तंबूत आसरा दिला. अरण्य तुटले की कोणाचे तरी घर मोडते, हा धडा त्यांस त्या तंबूतच मिळाला असावा, असे आम्हांस वाटते.

पुढे वीसांहून अधिक वर्षे ते मोकामा घाटावर गंगापार माल पोहोचविण्याचे काम पाहत होते. त्याच काळात, १९०७ साली, त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने ४३६ माणसांचे बळी घेतले होते. पाहतात तो तिचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले! नेहमीचे भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले होते. वाघ जात्या माणसाचा वैरी नसतो. जखम किंवा म्हातारपण त्याला त्या वाटेस लावते, हे कॉर्बेट यांनी आपल्या ग्रंथांतून जगाला पटवून दिले.

उत्तरायुष्यात त्यांस बंदुकीपेक्षा कॅमेरा अधिक प्रिय झाला. १९३६ साली रामगंगेच्या खोऱ्यात भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९४७ साली ते बहीण मॅगी हिच्यासह केनियात गेले व १९ एप्रिल १९५५ रोजी तेथेच वारले. त्यांच्या पश्चात उद्यानास त्यांचे नाव देण्यात आले. १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ तेथूनच झाला. पण त्याच दशकात रामगंगेवरील धरणाच्या पाण्याखाली उद्यानाची काही कुरणेही बुडाली.

भारतात २०२२ च्या गणनेत सुमारे ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज निघाला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु आशिया खंडात वाघ पूर्वी जेथे जेथे वावरत, त्या प्रदेशाचा दहावा हिस्साही आता त्यांच्याकडे उरलेला नाही. शेते, रस्ते, खाणी व धरणे यांनी तो व्यापला आहे. विद्यार्थिमित्रहो, वाघ गावात शिरल्याची वार्ता वाचाल, तेव्हा त्याचे रान कोठे गेले, हेही अवश्य विचारा.