यशवंतराव चव्हाण : शिक्षणाने घडलेले नेतृत्व

पिंपरीच्या संत तुकारामनगरातील मोठ्या दवाखान्यात आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी जावे लागले असेल. त्या दवाखान्याला ज्यांचे नाव दिले आहे, त्या यशवंतराव चव्हाणांचे जीवन आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, आजोळी झाला. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. यशवंतराव लहान असतानाच प्लेगच्या साथीत वडील वारले. आई विठाबाई शिकलेल्या नव्हत्या. पण हालअपेष्टा सोसून त्यांनी मुलांचे शिक्षण चालू ठेवले.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना, १९३२ साली, स्वातंत्र्य चळवळीत भाग घेतल्याबद्दल त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. आई एका शिक्षकांसह तुरुंगात भेटीस गेल्या. माफी मागितल्यास सुटका होईल, असे शिक्षकांनी सुचविले. त्या माउलीने तेथल्या तेथे नकार दिला आणि मुलाला प्रकृती जपण्यास सांगितले. शिक्षा भोगून आल्यावर यशवंतरावांनी पुन्हा पुस्तके हाती घेतली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून ते १९३८ मध्ये बी. ए. झाले आणि पुण्यात १९४१ मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत झाले. त्या वर्षीच लग्न होऊन आलेल्या वेणूताईंनाही तुरुंगवास घडला.

१९४६ साली ते मुंबई विधिमंडळात निवडून आले व पार्लमेंटरी सेक्रेटरी झाले. पुढे मंत्री, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, अशा पायऱ्या ते चढत गेले. ही वाट सुखाची नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लोकमत त्यांच्याविरुद्ध गेले होते. १९५७ च्या निवडणुकीत कराडमधून ते थोडक्या मतांनीच निवडून आले. तरी विरोधकांशी त्यांनी वैर धरले नाही.

गरिबीत शिकलेल्या या माणसाने सत्ता हाती येताच गरिबांच्या मुलांची आठवण ठेवली. त्यांच्याच कारकिर्दीत ई. बी. सी. ची फी-सवलत आली. तिच्यात जात वा धर्म पाहिला जात नसे, पालकाचे उत्पन्न पाहिले जाई. त्या सवलतीमुळे सर्व समाजांतील असंख्य मुले कॉलेजची पायरी चढली. जिल्हा परिषदा आणि १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ हीही त्याच काळातील कामे. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणच्या ज्या एम. आय. डी. सी. वर आपल्या हजारो घरांची चूल पेटते, तिचे मूळ येथे आहे.

१९६२ मध्ये चीनने आक्रमण केले, तेव्हा पंडित नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलाविले. नंतर गृह, अर्थ व परराष्ट्र ही खाती त्यांनी सांभाळली. १९७७ मध्ये ते लोकसभेत विरोधी पक्षनेते आणि १९७९ मध्ये उपपंतप्रधान झाले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, घरची गरिबी शिक्षणाच्या आड येऊ देऊ नका. आणि पालकांनो, न शिकलेल्या विठाबाईंनी जे केले, ते आपल्यालाही करता येईल. मुलगा असो वा मुलगी, तिची शाळा अर्ध्यावर सुटू देऊ नका.