चिक चॉकलेट: पदवी नसलेला ट्रम्पेटवाला

मागच्या महिन्यात घरी सांगून टाकलं, की बी.ए. नंतर मला जॅझ वादनाची पदवी घ्यायचीय. बाबांनी एवढंच विचारलं, की वाजवून पोट भरतं का? मला काही उत्तर देता आलं नाही. म्हणून चिक चॉकलेटांबद्दल वाचायला घेतलं.

खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यातलं हळदोणे. तेव्हा आपल्याकडे जॅझची पदवी कुठली! गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत, तेच तिथल्या वादकांचं कॉलेज. बाकी चिकनी लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डी ऐकून ट्रम्पेट घोटला. इतका, की लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

मुंबईत ताज हॉटेलात त्यांचा बँड वाजे. पुढे सिनेमात ते सी. रामचंद्रांचे, म्हणजे आपल्या चितळकरांचे, साहाय्यक झाले. चाल संगीतकाराची; ती वाद्यावाद्यासाठी कागदावर उतरवायची कामं बहुधा गोवेकर वादकांकडे असत. ‘अलबेला’त (१९५१) तर चिक बँडसकट पडद्यावर दिसतात. १९६७ साली गेले, जेमतेम पन्नाशी उलटलेली.

पदवी नव्हती, पण स्वरलिपी लिहिता-वाचता येत होती. त्यावरच तर असल्या वादकांना काम मिळायचं. मलाही पदवी हवीय ती त्यासाठीच, भिंतीवर टांगायला नाही.

बाबा आंघोळ करताना ‘अलबेला’चीच गाणी गुणगुणतात. आज त्यांना म्हणणार आहे, की एकदा शब्द सोडून मागचा ट्रम्पेट ऐका. मग बोलू.