वाटाण्याचा अंकुर

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर या गावी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा पहिला मोठा चित्रपट 'राजा हरिश्चंद्र' हेही काहींना ठाऊक असेल. पण त्या चित्रपटाच्या आधी त्यांनी एक चिमुकला चित्रपट तयार केला होता. त्यात राजवाडा नव्हता, लढाई नव्हती, माणूसच नव्हता. कुंडीत पेरलेला वाटाण्याचा एक दाणा, एवढाच त्यातला नट! मला स्वतःला फाळक्यांच्या मोठ्या चित्रपटांपेक्षा या चिमुकल्या चित्रपटाचेच अधिक नवल वाटते. म्हणून या पाठात मुख्यतः त्या दाण्याची हकिकत सांगायची आहे.

धुंडिराजांचे वडील संस्कृतचे विद्वान होते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना शिकवण्याचे काम मिळाले आणि फाळके कुटुंब मुंबईस आले. मुलाला चित्रकलेची आवड होती. १८८५ साली त्याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. त्यानंतर धुंडिराज बडोद्यास गेले आणि तेथील कलाभवनात शिकू लागले. तेथेच १८९० च्या सुमारास त्यांच्या हाती पहिला कॅमेरा आला.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे आपल्या खिशातल्या मोबाइलसारखी वस्तू नव्हे. तीन पायांच्या घडवंचीवर ठेवलेली ती एक लाकडी पेटी असे. आत रसायनाचा लेप दिलेली काच बसवायची, डोक्यावरून काळे कापड ओढून घ्यायचे आणि समोरचे दृश्य उलटे दिसत असतानाच ते नीट जुळवायचे. छायाचित्र, म्हणजे उर्दूत आपण ज्याला तसवीर म्हणतो ते, लगेच पाहायला मिळत नसे. अंधाऱ्या खोलीत ती काच रसायनांत धुवावी, मग चित्र उमटे. प्रकाश कमी पडला की जास्त, हात हलला की नाही, हे सारे तेव्हा कळे. बिघडलेली काच फुकट जाई आणि तिचे पैसेही जात.

फाळक्यांनी हे तंत्र चिकाटीने आत्मसात केले. चित्र काढायचे, धुवायचे, छापायचे, काय चुकले ते पाहायचे आणि पुन्हा काढायचे, हा त्यांचा क्रम होता. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी त्यांची ही धडपड हेरली. त्यांनी फाळक्यांना तिरंगी ठसे तयार करण्याची कला शिकण्यासाठी रतलामला पाठवले आणि पुढे कलाभवनाची प्रयोगशाळाही वापरू दिली. शिकण्याची भूक असलेल्या मुलाला असे गुरुजी भेटावेत, ही मोठी भाग्याची गोष्ट आहे.

पण छंद निराळा आणि पोट भरणे निराळे. फाळक्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा धंदा सुरू केला. तेथे प्लेगची साथ आली आणि त्यात त्यांची पत्नी आणि मूल दोघेही दगावले. ते बडोद्यास परतले, तर तेथे वेगळीच अडचण उभी राहिली. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो, असा समज लोकांत पसरला होता. तसवीर काढून घ्यायला कोणी पुढे येईना. पुढे त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोगही केले. जादूगार म्हणून त्यांनी 'प्रोफेसर केळफा' असे नाव घेतले होते. 'फाळके' हे नाव शेवटच्या अक्षराकडून वाचा, म्हणजे या नावाचे रहस्य उलगडेल!

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे. १९०३ मध्ये फाळक्यांना पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकाराची नोकरी मिळाली. स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत ती त्यांनी सोडली आणि छपाईचा उद्योग सुरू केला, तो लोणावळ्यास. आपल्या पनवेलहून खोपोलीमार्गे घाट चढून गेले की लागते तेच हे लोणावळे. पुढे हा छापखाना मुंबईत दादरला आला. रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीलाही जाऊन आले. छापखाना भरभराटीला आला होता. परंतु भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके त्यातून बाहेर पडले. चाळिशी आली होती, पदरी मुलेबाळे होती आणि हाती काम नव्हते.

अशा वेळी, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईतील एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी चित्रपट पाहिला. पडद्यावरची चित्रे हलत होती, चालत होती. ती पाहताना आपल्या देशातल्या कथाही अशाच पडद्यावर आणाव्यात, हा विचार त्यांच्या मनात आला आणि तो काही केल्या जाईना.

शिकवणार कोण? या देशात चित्रपट तयार करण्याचे शिक्षण देणारी शाळा नव्हती. फाळक्यांनी आपला अभ्यास आपणच ठरवला. बाजारातून चित्रपटाचे एक लहानसे यंत्र आणि काही फिल्म त्यांनी आणल्या. मेणबत्तीचा उजेड भिंगातून नेऊन ते घरच्या भिंतीवर ती चित्रे पाडीत. शिवाय रोज चार-पाच तास चित्रपट पाहायचे, घरी येऊन प्रयोग करायचे आणि झोप जेमतेम तीन तास. हा क्रम कित्येक महिने चालला. आप्तेष्टांना हे वेड वाटू लागले.

शरीराने मात्र हिशेब मागितलाच. डोळ्यांवर अतिशय ताण पडला आणि फाळक्यांना दिसेनासे झाले. चित्रांवर जगणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर अंधार! घरातल्या माणसांची त्या दिवसांत काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने त्यांची दृष्टी हळूहळू परत आली. आणि दिसू लागताच त्यांनी पुन्हा तेच काम हाती घेतले. मुलांनो, त्यांची चिकाटी घ्या. पण झोप टाळून डोळ्यांचे हाल करण्याचे अनुकरण करू नका, असे शिक्षक या नात्याने सांगणे मला भाग आहे.

आता खरी विद्या जेथे होती तेथे जायचे त्यांनी ठरवले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तेथे ओळखीचे कोणी नव्हते. 'बायस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी पाहून ते सरळ आत गेले. त्या संपादकांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या चित्रपट निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला कारखाना त्यांना मोकळ्या मनाने दाखवला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि कोरी फिल्म यांची मागणी नोंदवून फाळके एप्रिलमध्ये मुंबईस परतले.

यंत्रे आली, ती जोडूनही झाली. मुलांना समोर उभे करून कॅमेरा तपासून झाला. पण चित्रपट काढायचा तर हजारो रुपये हवेत आणि ते देणाऱ्यांचा विश्वास बसला पाहिजे. फाळक्यांकडे दाखवायला काहीच नव्हते. नट नाहीत, कपडे नाहीत, देखावे नाहीत. तेव्हा त्यांनी स्वतःला एक छोटासा प्रयोग नेमून दिला. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा तिच्यासमोर ठेवला.

हा प्रयोग दिसतो तितका सोपा नाही. चित्रपट म्हणजे मुळात एकामागून एक भरभर दाखवलेली स्थिर चित्रेच. मूकपटांच्या काळात एका सेकंदाला साधारण सोळा चित्रे डोळ्यांसमोरून जात. म्हणजे एका मिनिटासाठी साडेनऊशेहून अधिक चित्रे हवीत! नेहमीच्या कामात कॅमेऱ्याची मूठ सलग फिरवली की ती पटापट निघतात. येथे मात्र एक चित्र घ्यायचे आणि थांबायचे, दाणा थोडा वाढू द्यायचा आणि मग पुढचे घ्यायचे. असे महिनाभराहून अधिक काळ चालले. मध्ये कुंडी बोटभर सरकली, कॅमेऱ्याला धक्का लागला किंवा पाणी घालायचे राहिले, तर साऱ्या दिवसांची मेहनत वाया जायची. पिल्लाची राखण करावी तशी त्या दाण्याची राखण करावी लागली असणार.

फिल्म धुऊन पडद्यावर दाखवली तेव्हा महिन्याचे काम मिनिटाभरात डोळ्यांपुढून गेले. माती दुभंगली, कोंब वर आला, त्याला पाने फुटली, वेल वाढली. जे रोज आपल्या अंगणात घडते, पण जे घडताना कोणालाच दिसत नाही, ते पाहणाऱ्यांना दिसले. 'अंकुराची वाढ' असे या चित्रपटाचे नाव. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि त्यांच्यासारख्या काही परिचितांनी फाळक्यांना पैशाची मदत केली.

तुम्हालाही हे करून पाहता येईल. कुंडीत मूग पेरा. घरातला मोबाइल रोज एकाच वेळी, खडूने खूण केलेल्या एकाच जागी टेकवून एक तसवीर घ्या. वीस दिवसांनी साऱ्या तसविरी ओळीने भरभर पुढे सरकवा. एखाद्या दिवशी ढग आले किंवा धाकट्या भावाने कुंडी हलवली तर ते लगेच ओळखू येईल. फाळक्यांना किती बारीक लक्ष ठेवावे लागले असेल, हे मी सांगून कळणार नाही, तेवढे त्या एका सरकलेल्या कुंडीवरून कळेल.

मिळालेला पैसा पुरेसा नव्हता. सरस्वतीबाईंनी आपले दागिने गहाण ठेवायला दिले. त्या एवढ्यावरच थांबल्या नाहीत. त्या काळी कोऱ्या फिल्मला कडेची भोके नसत. ती अंधारात, न चुकता, सारख्या अंतरावर पाडावी लागत. हे काम त्या शिकल्या. फिल्म धुण्याचे कामही शिकल्या. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करायचा! चित्रपटांच्या इतिहासात या बाईंचे नाव फार बारीक अक्षरांत लिहिले गेले आहे, असे मला वाटते.

दादरच्या बंगल्यात 'राजा हरिश्चंद्र' तयार होऊ लागला. राणी तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळाली नाही, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला राणी बनवावे लागले. राजपुत्र झाला तो फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईतील गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी लागला आणि चांगला चालला.

मग फाळके नाशिकला गेले आणि तेथून त्यांनी अनेक चित्रपट काढले. १९१३ च्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे एकट्या साळुंक्यांनी केली, हे सांगितले तर आज कोणाला खरे वाटणार नाही! १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने बालकृष्णाची भूमिका केली.

१९३१ साली 'आलम आरा' हा बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस संपत आले. फाळक्यांनी १९३७ मध्ये 'गंगावतरण' हा बोलपट काढला, पण काळ पुढे गेला होता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून भारत सरकार चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने देते.

त्यांच्या चित्रपटांपैकी फार थोडे भाग आज उरले आहेत. फाळक्यांचे एक छायाचित्र मात्र पुष्कळ ठिकाणी पाहायला मिळते. त्यात ते फिल्मची लांब पट्टी हातात धरून तिच्यावरचे एकेक चित्र निरखीत आहेत.