लेन्यानो संघाचा जीनो



पुढच्या रविवारी मिस्सेनंतर मुलांच्या सायकलींना आशीर्वाद द्यायचा आहे. त्या निमित्ताने एका सायकलस्वाराची ओळख करून देतो. आपल्याकडे सायकल म्हणजे शाळा, बाजार आणि धानाची बांधी गाठण्याचे साधन. इटलीत मात्र सायकलवर पोट भरणारे व्यावसायिक खेळाडू शंभर वर्षांहून अधिक काळ होऊन गेले आहेत. जीनो बार्ताली हा त्यांपैकी एक.

जीनोचा जन्म १८ जुलै १९१४ रोजी फ्लॉरेन्सजवळच्या पोंते आ एमा या खेड्यात झाला. वडील मजुरी करीत. पोरवयात जीनो सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करू लागला आणि तिथूनच शर्यतीकडे वळला. १९३६ साली तो लेन्यानो या सायकल कंपनीच्या संघात आला. हा संघ तेव्हाच नावाजलेला होता. याच संघातल्या आल्फ्रेदो बिंदा याने इटलीची फेरी, म्हणजे ‘जीरो’, पाच वेळा जिंकली होती. संघाचे व्यवस्थापक एबेरार्दो पावेसी हे स्वतः जुने शर्यतपटू होते.

अशा संघाची रीत समजून घेण्यासारखी आहे. जिंकायचे एकाने, बाकीच्यांनी त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, त्याला पाणी आणून द्यायचे, त्याचे चाक पंक्चर झाले तर आपले चाक काढून द्यायचे. त्यांची नावे सहसा कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

लेन्यानोकडून पहिल्याच वर्षी जीनोने जीरो जिंकली. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचा धाकटा भाऊ जुलिओ शर्यतीत मोटारीवर आदळून जखमी झाला आणि वारला. जीनो पुरता खचला, सायकल सोडून देण्याच्या विचारात होता. लहानपणापासून तो कॅथलिक अॅक्शनचा सभासद होताच. पुढे तो कार्मेल संघाच्या प्रापंचिक शाखेत, म्हणजे तृतीय संघात सामील झाला. लोक त्याला ‘भाविक जीनो’ म्हणू लागले, काही कौतुकाने, काही टिंगलीने. १९३८ साली त्याने फ्रान्सची फेरी, ‘तूर’, जिंकली. मुसोलिनीच्या राजवटीत विजेत्याने त्या नेत्याचा जयजयकार करावा अशी अपेक्षा असे. जीनोने तो केला नाही.

१९४० च्या जीरोत लेन्यानोने फाउस्तो कोप्पी नावाचा वीस वर्षांचा मुलगा जीनोच्या मदतीला घेतला. दुसऱ्याच टप्प्यात जीनो कुत्र्याला धडकून पडला व मागे राहिला, आणि तो पोरगा पुढे गेला. पावेसींनी जीनोला सांगितले, आता तू त्याला मदत कर. डोंगराळ टप्प्यांत जीनोने ती केली आणि कोप्पी जिंकला. ज्याने पाणी आणून द्यायचे त्याच्यासाठीच आपण थांबायचे, हे जीनोसारख्या तापट माणसाला सोपे गेले नसणार. दुसऱ्याच दिवशी, १० जूनला, इटली युद्धात उतरली.

सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन फौजांनी फ्लॉरेन्सचा ताबा घेतला व ज्यू लोकांची धरपकड सुरू झाली. तिथले कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनी ज्यू धर्मगुरू नाथान कास्सुतो यांच्या साथीने लपवाछपवीची व्यवस्था उभी केली. याच कार्डिनलनी १९४० मध्ये जीनोचे लग्न लावले होते. त्यांनी त्याला बोलावले. काम असे: छायाचित्रे सीटखालच्या नळीत आणि फ्रेममध्ये दडवून असिसीला न्यायची, तिथे बिशप निकोलिनी व फादर रुफिनो निकाच्ची यांच्या देखरेखीत लुइजी ब्रिझी आणि त्यांचा मुलगा त्रेंतो आपल्या छापखान्यात खोटी ओळखपत्रे बनवीत, ती परत आणायची. असिसी एका बाजूने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. भंडाऱ्याहून नागपूरला जावे, परत यावे आणि पुन्हा नागपूर गाठावे, एवढे अंतर! चौकीवर अडवले की तो सराव करतोय असे सांगे, आणि सायकलीला हात लावू देत नसे, तिची जुळणी बिघडेल म्हणून. या फेऱ्यांच्या तपशिलाबद्दल काही इतिहासकारांनी अलीकडे शंका घेतल्या आहेत, हेही नमूद करतो. गोल्डेनबर्ग या ज्यू कुटुंबाला त्याने फ्लॉरेन्समध्ये तळघरात आसरा दिला, ही गोष्ट मात्र त्या घरच्या मुलाने पुढे स्वतः सांगितली. १९४४ मध्ये जीनोला पकडून फ्लॉरेन्सच्या कुप्रसिद्ध चौकशीगृहात नेले गेले. तिथून तो सुटला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला एक प्रश्न हमखास असे. जीव वाचवण्यासाठी खोटे बोलावे का? संत ऑगस्टीन नाही म्हणतात. जर्मन तत्त्वज्ञ कांट तर दारात आलेल्या खुन्यालाही खरेच सांगा, इथवर जातो. आम्ही तासन्‌तास वाद घालायचो. एका कार्डिनलने खोट्या कागदांचे काम हाती घेतले आणि एका भाविकाने ते वाहिले, हे तेव्हा माहीत असते तर माझा पेपर वेगळा झाला असता. ऑगस्टीनचे म्हणणे मला आजही सहज बाजूला सारता येत नाही. पण त्या तळघरातल्या मुलाच्या डोळ्यांत बघून ते मांडताही येणार नाही.

युद्ध संपले तेव्हा जीनो तिशी ओलांडून गेला होता. कोप्पी आता बियांकी संघात, त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी. १९४८ च्या तूरमध्ये जीनो एकवीस मिनिटे मागे होता. १४ जुलैला रोममध्ये कम्युनिस्ट नेते तोलियात्ती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि देश यादवीच्या काठावर आला. पंतप्रधान दे गास्पेरी यांनी जीनोला फोन केला. दुसऱ्या दिवशी त्याने आल्प्स पर्वतातला टप्पा जिंकला, मग लागोपाठ आणखी दोन, आणि पहिल्या विजयानंतर दहा वर्षांनी पुन्हा तूर. त्याने यादवी टाळली असे म्हणतात. जरा अतिशयोक्तीच आहे. खुद्द तोलियात्तींनीही अनुयायांना शांत राहायला सांगितले होते.

कोप्पी २ जानेवारी १९६० रोजी वारला. आफ्रिकेत चावलेल्या डासांमुळे मलेरिया झाला होता आणि डॉक्टरांना तो ओळखता आला नाही. पावसाळ्यात आपल्या गावांतून ताप कसा फिरतो, हे तुम्हांला सांगायला नको.

जीनो ५ मे २००० रोजी गेला. युद्धातल्या त्या कामाविषयी तो कधी चारचौघांत बोलला नाही. घरच्यांना थोडे सांगितले, तेही बाहेर काढू नका असे बजावून. २०१३ मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने ज्यूंना वाचवणाऱ्या परधर्मीय सज्जनांच्या यादीत त्याचे नाव घातले.

इटलीत कोमो सरोवराजवळ गिझाल्लोच्या मातेचे लहानसे मंदिर आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी तिला सायकलस्वारांची आश्रयदाती ठरवले. तिथे भिंतींवर सायकली टांगल्या आहेत. त्यांत जीनोची आहे आणि कोप्पीचीही.

पुढच्या रविवारी सायकली चर्चच्या मागच्या आवारात लावाव्यात. ब्रेक आधी तपासून घ्या, आणि कारध्याच्या पुलाकडून येणाऱ्या मुलांबरोबर एक मोठा माणूस असू द्या.

आपला,
फादर